हिंदू, बौद्ध आणि ताओ विचार: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शहादा अशा गावांच्या वाचनालयांत आणि शाळांत या विषयावर बोलणं होतं, आणि मग कितीतरी दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे तीन धर्म थोडक्यात सांगाल का? ताओ तर आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय.

हिंदू परंपरेला एक संस्थापक नाही आणि सगळ्यांना बांधणारा एक ग्रंथही नाही. वेद-उपनिषदं, गीता, पुराणं, संतवाणी, गावोगावच्या कुलदेवता हे सगळं तिच्यात येतं. निर्मात्या ईश्वराशिवाय जगाचा उलगडा करणारं सांख्य दर्शनही तिचंच.

बौद्ध धम्म सिद्धार्थ गौतम या एका माणसापासून सुरू होतो, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबवता येतं आणि थांबवण्याचा आठ अंगांचा मार्ग आहे, हा त्याचा गाभा.

ताओ चीनचा. लाओत्से यांच्या नावावरचा 'ताओ ते चिंग' हा ८१ छोट्या प्रकरणांचा ग्रंथ आणि च्वांगत्सु यांच्या नावाने चालत आलेल्या गोष्टी हे त्याचे जुने आधार. विश्व आपोआप ज्या वळणाने चालतं तो ताओ, माणसाने त्याला आडवं जाऊ नये, असं हे ग्रंथ सांगतात. पुढे इ.स. १४२ मध्ये चांग ताओलिंग यांनी पंथ उभा केला असं परंपरा मानते. त्यातून देवळं, पुरोहित, मंत्र, विधी असलेला धर्म वाढला. म्हणून कुणी 'ताओ' म्हटलं की विचार म्हणायचाय की धर्म, हे आधी विचारून घ्यावं.

२. मन्ही माय म्हनस, देव एकच शे. मंग इतला धर्म काब्र? (माझी आई म्हणते, देव एकच आहे. मग इतके धर्म का?)

मायचं म्हणणं हलकं घेऊ नका. 'एकच तत्त्व, नावं अनेक' ही हिंदू परंपरेतली फार जुनी आणि फार मोठी भूमिका आहे. पण ती हिंदू परंपरेतली भूमिका आहे, हे ध्यानात ठेवावं. बुद्धाने जगाचा निर्माता मानला नाही. जग शाश्वत आहे की नाही, असल्या प्रश्नांवर त्याने बोलायचंच टाळलं. बाण लागलेला माणूस 'बाण कुणी मारला, कुठल्या कुळातला होता' हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला तर मरून जाईल, असं त्याने मालुंक्यपुत्ताला सांगितलं. ताओ ग्रंथांतला ताओ सगळ्यांना जन्म देतो, पण कुणावर मालकी सांगत नाही, आज्ञा देत नाही, नवस ऐकत नाही. तेव्हा 'सगळ्यांचा देव एक' म्हणताना आपण दोन परंपरांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेलं वाक्य घालत असतो.

३. मग तिन्हींत सारखं असं काय आहे?

बरंच आहे. 'मी' आणि 'माझं' यांची पकड सैल झाल्याशिवाय माणूस सुखी होत नाही, हे तिघेही सांगतात. श्वासाकडे लक्ष, स्थिर बसणं, गुरूकडून शिकणं, थोडक्यात भागवणं हेही तिन्हींकडे आहे. मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे शेवटच्या गोष्टीबद्दल बोलताना तिघेही थांबतात. उपनिषद 'नेति नेति' म्हणतं. 'ताओ ते चिंग'च्या पहिल्याच ओळीत, जो सांगता येतो तो खरा ताओ नव्हे असं येतं. आणि बुद्धाचं मौन वर आलंच आहे.

४. आणि मुख्य फरक कोणता? एकच सांगा.

आत्मा. बहुतेक हिंदू दर्शनांत देह जातो, मन बदलतं, पण आत्मा टिकतो. अद्वैतात तो ब्रह्मच, मध्वाचार्यांच्या द्वैतात तो ईश्वराहून वेगळा, पण तो आहे. बुद्ध म्हणतो, शोधून पाहा, टिकणारं असं काही हाती लागत नाही. शरीर, वेदना (सुखदुःख जाणवणं), संज्ञा (ओळखणं), संस्कार, विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकसमूहांचा, प्रवाह तेवढा दिसतो. ताओ विचाराला हा वाद फारसा पडलेलाच नाही. तिथे माणूस म्हणजे 'ची' या प्राणशक्तीचा काही काळ जमलेला आकार.

तिघांनाही आपापलं म्हणणं पूर्ण मांडू द्यावं. दोघांचं मोडून एकात बसवलं की तिघांचंही नुकसान होतं.

५. आत्माच नाही तर पुनर्जन्म कुणाचा होतो?

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक राजा मिलिंदानेही भिक्खू नागसेनाला विचारला होता. नागसेनाचं उत्तर असं: एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात गेलं का? नाही. पण दुसरा पेटला तो पहिल्यामुळेच. कर्माची परंपरा चालू राहते, प्रवासी मात्र कुणी नाही.

ताओ विचारात सुरुवातीला पुनर्जन्माचा सिद्धांत नव्हता. च्वांगत्सुची बायको वारली तेव्हा मित्र भेटायला गेला, तर हा पालथ्या भांड्यावर ताल धरून गात होता. 'मीही आधी रडलो, पण ऋतू बदलतात तसंच हे आहे असं कळलं', असं तो म्हणाला. कर्म आणि पुनर्जन्म ताओ धर्मात मोठ्या प्रमाणावर आले ते बौद्धांच्या सहवासात, इ.स. ४०० च्या आसपासच्या लिंगपाओ पंथाच्या ग्रंथांतून.

६. ताओ म्हणजे आपलं ब्रह्मच ना?

जवळचं वाटतं खरं. दोन्ही निर्गुण, दोन्ही सगळ्याच्या मुळाशी. प्रतापशेठ यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथे अद्वैत वेदान्ताचा अभ्यास प्रमुख होता. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला 'ताओ ते चिंग' वाचताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

तरी फरक राहतो. अद्वैतात ब्रह्म तेवढं सत्य, आणि दिसणारं बदलतं जग त्याच्यापुढे दुय्यम. ताओवाद्याला बदलतं जगच हवं आहे: यिन आणि यांग, सावली आणि ऊन, एकातून दुसरं निघणारं. त्याला या जगापलीकडे जायचं नाही, त्याच्या चालीशी चाल जुळवायची आहे.

७. गीतेतलं निष्काम कर्म आणि ताओचं 'वू वेई' एकच आहे का?

या प्रश्नाला मी नेहमी तीन खाटकांच्या वाटेने जातो, कारण तिथे फरक लख्ख दिसतो.

पहिला च्वांगत्सुच्या ग्रंथातला आचारी तिंग. तो राजापुढे बैल कापतो आणि त्याच्या सुरीला नृत्याचा ठेका असतो. एकोणीस वर्षं एकच सुरी, आणि धार जशीच्या तशी. का, तर तो हाडावर घाव घालतच नाही. सांध्यांमध्ये जी मोकळी जागा असते तिथूनच सुरी नेतो. राजा म्हणतो, जगावं कसं ते मला आज कळलं. हे वू वेई: काम थांबवायचं नाही, पण ओढाताण थांबवायची. बैलाला मारणं बरं की वाईट, हा मुद्दा गोष्टीत येतच नाही.

दुसरा महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला या मांसविक्याकडे पाठवलं जातं. तो सांगतो की धंदा वडिलोपार्जित आहे, मी स्वतः जनावर मारत नाही, खोटं बोलत नाही, आईवडिलांची सेवा करतो. इथे काम कर्तव्य म्हणून आलं आहे आणि फळाची आस न धरता करायचं आहे. कसब किती, हा प्रश्न गौण. प्रश्न आहे स्वधर्माचा.

तिसऱ्या ठिकाणी खाटिक दिसतच नाही, कारण बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत मांसाचा आहे. शस्त्रं, माणसं, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये. फळाची इच्छा सोडा किंवा हात कितीही सफाईचा असो, दुसऱ्या जीवाला दुःख होतंय हे उरतंच. पण म्हणून माणसावर दार बंद नाही. अंगुलिमालासारखा खुनीही संघात आला. काम सोडायचं, माणूस सोडायचा नाही.

तेव्हा गीता विचारते 'कुणासाठी करतोस', ताओ विचारतो 'कसं करतोस', आणि बुद्ध विचारतो 'याने कुणाला दुखतंय'. कपाशीत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यानेही हे तीन प्रश्न एकदा स्वतःला लावून पाहावेत. उत्तरं एक येत नाहीत.

८. मोक्ष, निर्वाण आणि ताओवाद्यांचं अमरत्व यांत फरक काय?

मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून आत्म्याची सुटका. मग ती ब्रह्मात एक होऊन असो वा वैकुंठात देवाजवळ राहून. निर्वाण म्हणजे लोभ, द्वेष, मोह यांची आग विझणं. पलीकडे कोण उरतं, हे बुद्ध सांगत नाही. ताओ धर्माच्या पुष्कळ पंथांना मात्र दीर्घायुष्य, जमलं तर अमरत्व हवं असतं. त्यासाठी आधी पारा आणि खनिजांचे कल्प झाले आणि ते खाऊन माणसं मेलीही. नंतर श्वास, आहार आणि शरीरातल्या शक्तीच्या साधनेवर भर आला.

आपल्याकडे हे परकं वाटायला नको. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला हा योगी वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला गेला, अशी कथा आहे. आधी त्याने पाठवलेलं पत्र कोरं होतं, आणि ते पाहून मुक्ताई म्हणाली की एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. पुढे ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं आणि मुक्ताई त्याची गुरू झाली. तिची समाधी मेहूण-मुक्ताईनगरच्या तापीकाठीच आहे.

ताओवादी साधकाला चांगदेव जवळचा वाटला असता. मुक्ताईचा टोला मात्र वारकऱ्यांचा. बुद्धानेही बहुधा तोच मारला असता.

९. प्राणायाम, विपश्यना आणि ताई ची हे सगळं एकच का?

तिन्हींत श्वास आहे, हेतू वेगळा. प्राणायामात श्वासाला वळण लावतात. इगतपुरीला शिकवतात त्या विपश्यनेत श्वास बदलायचा नसतो, जसा आहे तसा पाहायचा असतो. ताई ची ही मुळात युद्धकला, ताओ विचारांशी आणि 'ची'च्या कल्पनेशी बांधलेली. जाता जाता एक: शाओलिन मठ बौद्धांचा, वूतांग पर्वत ताओवाद्यांचा. सिनेमांत दोघांची नेहमी सरमिसळ होते.

१०. दुकानात ढेरपोट्या हसरा बुद्ध मिळतो. तो भगवान बुद्धच का?

नाही. तो पूताय, दहाव्या शतकाच्या सुमाराचा एक चिनी भिक्खू. खांद्यावर झोळी टाकून फिरायचा. लोकांनी त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचं रूप मानलं. पोट चोळल्याने पैसा येतो हे गौतम बुद्धाच्या शिकवणीत कुठेही बसत नाही. घरात ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण बुद्धवंदनेच्या जागी त्याला बसवू नका.

११. बुद्ध विष्णूचा नववा अवतार आहे, मग वेगळा धर्म कसा?

अवताराची कल्पना पुराणांची आहे, बौद्धांची नाही. आणि काही पुराणांत तर हा अवतार असुरांना भ्रमात पाडण्यासाठी झाला असं सांगितलं आहे, म्हणजे त्यात बुद्धाच्या शिकवणीचा मान नाहीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी याच गोष्टीबद्दल आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मी मानणार नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मरणाला जमणाऱ्या माणसांना 'तुमचा बुद्ध आमचाच' असं प्रेमानेही सांगू नये.

चीनमध्येही हेच झालं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. लाओत्से म्हातारपणी पश्चिमेला गेला, तिथे त्यानेच बुद्ध होऊन परक्यांना शिकवलं, असा ग्रंथ ताओवाद्यांनी रचला. त्यावरून बौद्ध आणि ताओवादी शतकानुशतकं भांडले. शेवटी कुब्लाई खानाच्या दरबारात ताओवादी हरले आणि त्यांचे ग्रंथ जाळले गेले. जाळणंही वाईटच. पण दोन देशांत दोन परंपरांनी बुद्धाला आपल्यात ओढायचा एकच मार्ग काढला, आणि दोन्हीकडे बौद्धांनी तो नाकारला.

१२. अजिंठ्याला नागराज आणि लेकुरवाळी देवी आहे. बुद्धाच्या लेण्यात देव कसे?

नीट पाहिलंत. एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज बसला आहे, दुसऱ्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक. हारिती आधी पोरं खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचंच लेकरू लपवून तिला दुसऱ्या आयांचं दुःख दाखवलं आणि ती मुलांची राखणदार झाली. बौद्ध धम्म जिथे गेला तिथे लोकांच्या देवता त्याने हाकलल्या नाहीत, त्यांना राखणीला बसवलं. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोरा आहे, तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर कन्हदास या सोनाराने ती घडवल्याचं कोरलेलं आहे. कृष्णाचं नाव धारण करणारा कारागीर, यक्षाची मूर्ती आणि बौद्ध लेणं. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात हे एकत्र नांदलं.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा पुढचा प्रवासही सांगायलाच हवा. हा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. चीनमध्ये तो हळूहळू स्त्रीरूप झाला, तिथे तिला क्वानयिन म्हणतात, आणि ती आज ताओ देवळांतही पुजली जाते.

१३. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपण पितरांना घागर भरतो. बौद्ध आणि ताओवादी पितरांसाठी काय करतात?

चीनमध्ये सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला भुकेल्या आत्म्यांना जेवू घालतात. ताओ धर्मात तो चुंगयुआनचा दिवस, बौद्धांत उल्लंबनाचा. बौद्ध कथेत मौद्गल्यायन आपल्या आईला प्रेतयोनीतून सोडवायला भिक्खूंना दान देतो. दिवस एक, लोक तेच, अर्थ दोन. इथल्या नवबौद्धांचं म्हणणं मात्र वेगळं आहे. त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

१४. जातीबद्दल तिघांचं म्हणणं काय?

बुद्धाने जन्माने कुणी नीच ठरत नाही, कर्माने ठरतो असं स्पष्ट सांगितलं. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांच्याच विनंतीवरून उपाली न्हाव्याला आधी दीक्षा दिली, म्हणजे पुढे राजपुत्रांनी त्याला नमस्कार करावा. ताओ ग्रंथ मानमरातबाची, मोठेपणाची खिल्ली उडवतात, पण वर्णव्यवस्थेसारखं काही तिथे नव्हतंच, त्यामुळे तो लढाही नाही.

हिंदू परंपरेने वर्णव्यवस्थेला धर्माचा आधार दिला, हे झाकून चालणार नाही. तिच्याच पोटातून तिला विरोधही झाला. चोखामेळ्यांचे अभंग आहेत. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. पण चोखामेळ्यांना पायरीशीच राहावं लागलं आणि गुरुजींना उपाशी बसावं लागलं, हेही त्यातच आलं.

१५. आम्ही पावरा, सातपुड्यातले आदिवासी. डोंगर, वाघदेव, याहामोगी देवी पुजतो. आमचा धर्म ताओसारखाच निसर्गाचा ना?

साम्य शोधायला हरकत नाही, पण तुमच्या श्रद्धेला ताओचं नाव घ्यायची गरज नाही. तुमच्याकडे डोंगराला, वाघाला नाव आहे, मान आहे, त्याच्याशी नातं आणि करार आहे. लाओत्सेच्या ग्रंथातला निसर्ग बिननावाचा आहे, तो कुणाचं ऐकत नाही. ताओ धर्माच्या लोकपरंपरेत पर्वतदेव आणि ग्रामदेव आहेत, तिथे थोडं जवळ येता. सातपुड्यातली श्रद्धा या तिघांपैकी कुणाची शाखा नाही, असं माझं ठाम मत आहे.

१६. कायद्यात बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागतो. मग ते हिंदूच झाले ना?

नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो, आणि घटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणातही त्यांचा असा समावेश आहे. ती कायद्यापुरती व्याख्या आहे. कुणाचा धर्म कोणता हे त्यातून ठरत नाही. उलट १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा वेगळा उल्लेख करून त्यांना सवलती दिल्या गेल्या.

१७. आमची सून बौद्ध घरातली आहे. अखाजीला तिने घागर भरावी का? दोन्ही धर्म पाळता येत नाहीत का?

चीनमध्ये एकाच घरात बौद्ध भिक्खू आणि ताओ पुरोहित दोघांनाही बोलावतात, आणि कुणी त्याला विसंगती म्हणत नाही. इथे तसं सहज म्हणता येत नाही, कारण मध्ये प्रतिज्ञा आहेत. बावीसपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. सुनेच्या घरच्यांनी ती घेतली असेल, तर घागर भरणं ही तिच्यासाठी साधी रीत राहत नाही. तो दिलेला शब्द मोडणं होतं. आधी तिलाच विचारा, सासऱ्यांनी किंवा नवऱ्याने परस्पर ठरवू नये.

तिला मन लावून करता येईल असंही बरंच आहे. गेलेल्यांच्या स्मरणार्थ दान देऊन त्याचं पुण्य त्यांना अर्पण करणं ही जुनी बौद्ध रीत आहे. घागर तुम्ही भरा, आणि त्याच दिवशी तुमच्या आजेसासऱ्यांच्या नावाने गावातल्या मुलांना वह्या-पुस्तकं तिच्या हातून जाऊ द्या. आमरस आणि पुरणपोळीला कुठल्याच प्रतिज्ञेची आडकाठी नाही. पंगतीला तिला शेजारी बसवा.